कोकणातलं स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा, मोजक्या पैशांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावचं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) आहे, वर कौलं आहेत, मागीलदारी पडवी आहे आणि स्वयंपाकघर आता जरा नीट करावं असं मनात आहे, पण हातात पैसे बेताचे आहेत. असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी ही उत्तरं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरांची ठेवण बदलत जाते, पण पाऊस, खारा वारा आणि वाळवी कुणालाच चुकत नाहीत. म्हणून शोभेचं बोलण्याआधी या तिघांचं बोलावं लागतं.

सुरुवात रंगापासून करू की ओट्यापासून?

दोन्हींपासून नको. आधी वर बघा. छप्पर गळत असेल तर खाली केलेलं एकही काम पुढचा जुलै बघणार नाही. कौलं परतून घ्या, फुटकी काढा, कुजलेले वासे आणि रिपा बदला. मग पाण्याकडे वळा. नळ कुठे ठिबकतोय, मोरीला उतार आहे का, सांडपाणी माडापर्यंत जातंय की भिंतीच्या पायातच मुरतंय, हे पाहा. त्यानंतर वीज. जुन्या घरांत एकाच तारेवर दिवा, फ्रिज आणि मिक्सर चालतात, आणि पावसाळ्यात भिंत ओली, हात ओले. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, बसवून घ्या. फ्रिज आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट द्या. एवढं झाल्यावर जे उरेल ते रंगाचं आणि ओट्याचं. काहीच उरलं नाही तर रंग एक वर्ष थांबेल. गळती थांबत नाही.

घाई नसेल तर काम ठरवण्याआधी एक पावसाळा घर नुसतं बघा. आषाढात ओल भिंतीवर कुठपर्यंत चढते तिथे खडूने रेघ मारा, फोटो काढून ठेवा. गवंडी येतो दिवाळीनंतर. तोवर भिंत खडखडीत वाळलेली असते आणि नुसता रंग मारून भागेल असं सगळ्यांनाच वाटू लागतं. त्या वेळी ती रेघ दाखवायची.

काम कुठल्या महिन्यांत काढावं?

दिवाळी झाली की लगेच, आणि मार्चअखेर संपेल असं. एप्रिल-मे महिन्यांत माणसं आंब्याच्या बागेत असतात, काजूही असतो, मुंबईची मंडळी येऊन घर भरतं. त्या गर्दीत ओटा फोडून ठेवणं घरच्या बायकांवर अन्याय आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृगाचा पाऊस कधी लागेल त्याचा नेम नाही.

पुष्कळ घरांत गणपतीच्या तोंडावर रंग काढतात. श्रद्धेचा भाग समजू शकते, पण त्या दिवसांत हवेतच पाणी असतं, रंग आतून वाळत नाही, आणि रंगारी मिळेल त्या दराने घ्यावा लागतो. गणपतीआधी झाडलोट करा, आरास करा. रंगाचं काम हिवाळ्यातच उरका. सिमेंटच्या कामाला निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं आणि नवा गिलावा रंगाआधी महिनाभर वाळू द्यावा लागतो, हे धरूनच तारखा मागून पुढे मोजा.

मासिकांत 'कंट्री स्टाइल' किचनची चित्रं बघतो. पांढरी कपाटं, चौकटीचे पडदे, लाकडी टेबल. तसं आपल्याकडे जमेल?

त्या चित्रांमधलं काय आवडलं ते आधी नीट ओळखा. बहुतेकांना आवडतो तो मोकळेपणा. भांडी डोळ्यांसमोर, लाकूड दिसतंय, खिडकीतून उजेड, टेबलाभोवती माणसं. हे सगळं आपल्याकडे आहेच, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही. भिंतीतला कोनाडा, फडताळ, मांडणी, पितळी डब्यांची ओळ, शिंकं, वाशाला टांगलेली कांद्याची माळ, मागच्या दारातून दिसणारी पोफळ. कोकणातल्या खेड्यातल्या घराला खेड्यातल्या घरासारखं दिसायला बाहेरून काही आणावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं. जे आहे ते स्वच्छ करा, उजेडात आणा आणि रोज वापरा. चौकटीचा पडदा हौसेने लावायचा तर सुती लावा आणि पावसाळ्यात काढून ठेवा, नाहीतर श्रावणात त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

दर वर्षी रंग देतो आणि दर वर्षी पोपडे येतात. कंपनी बदलू का?

कंपनीचा दोष नसतो. चिरा सच्छिद्र दगड आहे. पायातून ओल वर ओढतो आणि ती हवेत सोडतो. पूर्वी चिऱ्यावर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असे, त्यातून ओल निघून जाई. आपण वर घट्ट सिमेंट आणि त्यावर प्लॅस्टिक रंग लावला, की ओलीला वाट राहत नाही. ती रंगामागे साठते, सोबत आणलेले क्षार तिथे पांढरे फुलतात आणि रंगाला भिंतीपासून ढकलतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच पोपडे जास्त का येतात, त्याचं कारण हे.

उपाय दोन टोकांचे आहेत. बाहेरच्या अंगाला भिंतीजवळ साचणारं पाणी हलवा, पागोळ्या जिथे पडतात तिथे दगडी पन्हळ किंवा चर काढा, भिंतीला टेकून रचलेली लाकडं आणि माती दूर करा. आतल्या अंगाला पोपडे खरवडून, क्षार कोरड्या ब्रशने झाडून (पाण्याने धुवायचे नाहीत, विरघळून परत आत जातात) भिंतीला चुना द्या. गिलाव्याची डागडुजी करायची असेल तर समुद्राची वाळू कुणी कितीही स्वस्त देऊ केली तरी घेऊ नका. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणीही नको. त्यातलं मीठ भिंतीत जातं आणि मग ती भिंत कायम ओलसर राहते.

चुन्याची सफेदी अजून कुणी करतं का? कशी करायची?

करतात, आणि करावी. सगळ्यांत स्वस्त आहे, भिंतीला श्वास घेऊ देते, आणि चुना तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. स्वयंपाकघराला दर वर्षी-दोन वर्षांनी एक हात मारला की खोली उजळते.

कळीचा चुना आणून लोखंडी पिंपात विरवा. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा. उलट करायचं नाही, कारण तो उकळतो आणि उसळतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, मुलं जवळ नकोत. प्लॅस्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते, ती वापरू नका. काही दिवस मुरू द्या, मग फडक्यातून गाळा आणि थोडा डिंक भिजवून घाला म्हणजे अंगाला पांढरं लागणं कमी होतं. पातळपणा ताकाइतपत. इथेच बहुतेक हात चुकतात. ओला चुना भिंतीवर जवळजवळ पारदर्शक दिसतो, रंगारी घाबरतो आणि जाड थर चोपडतो. तो थर पुढे भुकटी होऊन गळतो. पातळच द्यायचा आणि थांबायचं. तासाभरात कडेकडेने वाळताना पांढरेपणा वर येऊ लागतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड होत असतो. असे तीन हात, प्रत्येक हाताआधी भिंत पाण्याने हलकी ओली करून.

रंग हवा असेल तर गेरू, पिवडी किंवा नीळ. फुलांचे, खाण्याचे रंग चुन्यात उडून जातात. जेवणाच्या जागेला पिवडीचा फिका हात दिला तर संध्याकाळच्या दिव्यात अन्नाचा रंग फार छान दिसतो. जुना ऑइल पेंट असेल तर मात्र चुना त्यावर धरणार नाही, आधी तो खरवडावा लागेल.

गिलावा काढून चिरे उघडे ठेवले तर?

जेवणाच्या बाजूची एखादी भिंत जरूर ठेवा. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून कठीण होतो, त्यामुळे जुनी भिंत सहसा घट्टच असते. सांधे चुन्याने भरून घ्या आणि भुसा गळत असेल तर श्वास घेणारं सिलिकॉनचं जलरोधक पातळ मारा. चकचकीत वॉर्निश नको, तेही पोपड्यासारखं उलतं. शेगडीमागची भिंत मात्र उघडी ठेवू नका. फोडणीचं तेल त्या छिद्रांत जातं आणि पुन्हा निघत नाही. तिथे शेगडीमागे दोन फूट उंचीचा टाइल्सचा पट्टा पुरतो, सगळी भिंत मढवायची गरज नाही.

स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी फोडायची का?

आधी काचेची कौलं लावून बघा. ओट्याच्या वर दोन आणि जेवायच्या जागेवर एक, एवढ्याने खोली बदलते. मंगलोरी कौलांच्या मापाची काचेची कौलं कौलं विकणाऱ्यांकडे मिळतात. भिंत फोडायला लागत नाही, लिंटेल नको, खिडकीचं लाकूड नको. खर्चाच्या मानाने एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही. जिथे थेट ऊन पडेल तिथे फ्रिज किंवा लोणच्याच्या बरण्या येणार नाहीत एवढं पाहा, आणि दर वर्षी शाकारणीच्या वेळी ती पुसून घ्या. माकडांचा त्रास असेल तर काचेच्या कौलाखाली जाळी ठोका, फुटलं तर तुकडे खाली जेवणात पडायला नकोत.

वासे काजळीने काळे झाले असतील तर पांढरा रंग द्यायची घाई नको. कोरड्या कुंच्याने झाडा, ओल्या फडक्याने पुसा आणि बेलतेलाचा (जवसाच्या तेलाचा) हात द्या. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा आणि मगच फेका.

ओट्याला ग्रॅनाइट, कडाप्पा की टाइल्स?

वर ग्रॅनाइट, खालच्या कप्प्यांना कडाप्पा. कडाप्पा स्वस्त म्हणून वरही घालावा असं सुचवलं जातं, पण कोकणातल्या स्वयंपाकात आमसूल, चिंच, लिंबू रोजचं. कडाप्पा, कोटा, शहाबाद आणि संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड, आंबटाने खरवडतात. आगळाच्या (कोकमाच्या आंबट रसाच्या) बाटलीच्या बुडाचं ओलं कडं कडाप्प्यावर रात्रभर राहिलं तर सकाळी तिथे फिकट, खरखरीत वर्तुळ दिसतं. कितीही घासा, जात नाही, कारण तो डाग नव्हेच, तिथलं पॉलिशच विरघळलेलं असतं. ग्रॅनाइटला आंबटाचं काही वाटत नाही. शोरूममधला मोठा अखंड तुकडा परवडत नसेल तर उरलेले तुकडे विचारा. सहा-सात फुटांच्या ओट्याला दोन तुकडे जोडून चालतात, सांधा मात्र शेगडीखाली किंवा सिंकजवळ येऊ देऊ नका.

उंची मापूनच ठरवा. जी व्यक्ती रोज उभी राहते तिचं कोपर वाकवून जमिनीपासून माप घ्या आणि त्यातून ४ इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईला ३३-३४ इंच येतात. जेमतेम एवढ्याशा गोष्टीसाठी कित्येक जणी आयुष्यभर खांदे उचलून पोळ्या लाटतात.

गॅसविषयी एक गोष्ट. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. ओट्याखालचं कपाट सगळीकडून बंद करू नका, जमिनीलगत जाळीचा झरोका ठेवा.

मॉड्युलर किचन घ्यावं का?

बेताच्या पैशांत नको. स्वस्त मॉड्युलर म्हणजे आत पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या), आणि कोकणातल्या हवेत ते एक-दोन पावसाळ्यांत फुगतं. प्लायवुड वापरायचंच तर आयएस ७१० शिक्क्याचं, उकळत्या पाण्यात टिकणारं घ्या. त्याहून साधा मार्ग म्हणजे कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि त्यांना फक्त पुढून दार. त्याला वाळवी लागत नाही, ओल चढत नाही, नळीने धुता येतं. दारं बांबूच्या पट्ट्यांची किंवा जाळीची केली तर आत हवा खेळते.

बांबूसाठी आपल्याकडचा माणगा उत्तम, जवळजवळ भरीव असतो. पण बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवून घेतलेलाच वापरा, नाहीतर त्यातल्या पिष्टामुळे किडा पोखरतो आणि खाली पिवळी पूड पडत राहते. कुडाळला कॉनबॅक ही बांबूचं काम करणारी संस्था आहे, तिथल्या वस्तू बघून आलात तर सुताराला काय सांगायचं ते कळेल.

जमीन शेणाची आहे. वरूनच टाइल्स बसवता येतील?

नाही. शेणाची आणि मातीची जमीन खालून ओल घेते. तिच्यावर टाइल्स दाबून बसवल्या तर त्या वर्षभरात पोकळ वाजू लागतात. माती काढा, दगडांची सोलिंग करा, त्यावर जाड प्लॅस्टिक कागद, मग काँक्रीट, मग फरशी. एवढं करायचंच तर वर लाल कोबा (लाल रंग घातलेल्या सिमेंटची घोटलेली जमीन) करा असं मी सुचवेन. टाइल्सपेक्षा स्वस्त पडतो, पाय गार राहतात, आणि जुन्या घराला शोभतो. पण त्याला जुना, सवयीचा गवंडी लागतो. लाल ऑक्साइड कोरड्या सिमेंटमध्ये आधी नीट मिसळला नाही तर ढगाळ डाग पडतात आणि ते नंतर सुधारत नाहीत. असा माणूस नसेल तर सरळ कोटा घ्या. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स मागीलदारालगत मुळीच नकोत. अंगणातून ओले पाय घेऊन माणूस आत येतो आणि म्हातारं माणूस एकदा घसरलं की घराचं सगळं गणित बदलतं.

चूल ठेवायची की काढायची?

आतली काढा, पडवीतली ठेवा. धूर घरात नको, पण भाकरीला, पाणी तापवायला, सणाच्या मोठ्या भांड्याला चूल लागते, आणि वादळात दोन-दोन दिवस काही मिळेनासं झालं की तीच कामाला येते. धुराला वर पाइप द्या. आतली चूल बंद केल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षं धुराने वासे राखले होते. धूर थांबला की पुढच्या काही वर्षांत लाकडाला किडा लागतो. म्हणून चूल हलवली की वाशांना कीडरोधक द्रव्याचा हात द्यायचाच.

जेवायला टेबल घ्यावं की पाटावर बसावं? घरात यावरून दोन तट आहेत.

दोन्ही ठेवता येतं, आणि घरात वडीलधारी माणसं असतील तर ठेवावंच. गुडघे दुखणाऱ्या आजीला पंगतीच्या कडेला खुर्चीवर एकटीला बसवणं बरं दिसत नाही, तिलाही ते आवडत नाही.

सहा माणसांना ६ फूट बाय ३ फूट टेबल पुरतं. उंची ३० इंच, बसण्याची १८ इंच, माणशी कोपराला २४ इंच. खुर्ची मागे सारून उठायला तिच्यामागे ३ फूट जागा लागते आणि तिथेच छोटी खोली अडते. म्हणून एका बाजूला भिंतीला लागून बाकडं करा, खुर्च्या दुसऱ्या बाजूलाच. बाकड्याखाली पाट उभे राहतात, आणि चार पाहुणे जास्त आले तर सरकून बसता येतं.

टेबल विकत घेण्याआधी माळ्यावर चढून या. जुनं दार, पलंगाच्या फळ्या, मोडलेला कपाटाचा पाखा, यांतून टेबल होतं. फणसाची फळी असेल तर सोडूच नका, तिचा पिवळा रंग वर्षागणिक गडद होत जातो. दाराच्या कड्या-कोयंड्यांची भोकं लाकडाच्या तुकड्यांनीच बुजवा, पुट्टी वेगळी दिसते. पॉलिश चपड्याचं (लाखेचं) नको. गरम ताट ठेवलं की पांढरं वर्तुळ उमटतं. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा बेलतेलाचे पातळ हात टिकतात.

पंगतीची जागा म्हणून माजघराचा मधला भाग रिकामाच राहू द्या. सतरंजी, पाट, चौरंग, वर एक दिवा. गणपतीत आणि श्राद्धपक्षात त्या रिकाम्या जागेची किंमत कळते. पाट मोडके असतील तर सावंतवाडीच्या चितारआळीत नवे मिळतात, रंगवलेलेही मिळतात.

बागेतलं जुनं फणसाचं झाड तोडून लाकूड काढलं तर स्वस्त पडेल?

फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी आधी वनखात्याची परवानगी लागते. शिवाय ताजं लाकूड वाळायला महिने जातात, घाईने वापरलं तर वाकतं. उतरवल्या गेलेल्या जुन्या घरांचं लाकूड बघा. ते वाळलेलं असतं आणि ते विकणारं कुणी ना कुणी पंचक्रोशीत निघतंच. घेताना टाचणी टोचून बघा. सहज आत गेली तर लाकूड आतून गेलेलं आहे.

वाळवीसाठी काय करायचं?

लाकूड भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा आणि पाय दगडी तुकड्यांवर ठेवा. भिंतीवर मातीची नळी दिसली की नुसती पुसू नका, कुठून येते ते शोधा, कारण वारूळ जमिनीत असतं. काजूच्या टरफलाचं तेल बाहेरच्या लाकडाला फार चांगलं, पण अंगाला लागलं तर भाजतं, आणि जिथे अन्न ठेवायचं किंवा हात लागतो अशा फळीला ते लावायचं नाही. मोठा प्रादुर्भाव असेल तर पायाशी भोकं पाडून औषध भरणाऱ्या माणसाला बोलवा. तो खर्च टाळू नका.

पितळी भांडी काढून मांडावीत का? काळी पडतात.

मांडा, पण वापरासाठी मांडा. पाण्याचा हंडा, डाळ-तांदळाचे डबे, परात रोज हातात राहिली तर काळी पडायला वेळ मिळत नाही. बाकीची भांडी आमसूल भिजवलेल्या पाण्याने चोळा. शिजवायच्या पातेल्याला कल्हई हवीच. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात सोलकढी, आमटी असं आंबट ठेवायचं नाही. पाटा-वरवंटा आणि जातं हलवून शोभेला अंगणात ठेवण्यापेक्षा पडवीत उजेडाच्या ठिकाणी बसवा, वाटण तिथे होऊ दे.

मासे साफ केले की घरभर वास राहतो.

मागीलदारी पाण्याच्या नळाखाली एक दगडी डोण किंवा उंच कट्टा करा, विळी तिथेच. पाणी केळीला जाऊ दे. आत दुसरं सिंक बसवण्यापेक्षा हे स्वस्त.

नळ, बिजागऱ्या, खिळे गंजतात. काय घ्यावं?

किनाऱ्यापासून नजरेच्या टप्प्यात घर असेल तर साधं लोखंड बाहेरच्या अंगाला नकोच. बिजागऱ्या पितळी, स्क्रू स्टेनलेस. आतल्या कामाला ३०४ प्रतीचं स्टील पुरतं. खारा वारा थेट लागतो तिथे ३१६ प्रतीचं, त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाला ते जास्त टिकतं. क्रोमचा मुलामा दिलेल्या स्वस्त सामानावर पैसे घालू नका.

घर वर्षातले बरेच महिने बंद असतं. तरी एवढं करून उपयोग आहे का?

आहे, पण मग बेत थोडा वेगळा करा. बंद कपाटं कमी आणि उघडे कप्पे जास्त. जाताना कपाटांची दारं उघडी टाका, फ्रिज पुसून दार अर्धवट उघडं ठेवा, रेग्युलेटर काढा, मेन बंद करा. धान्य, गाद्या, कागद मागे ठेवू नका. सिंकच्या पाइपमधलं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, म्हणून जाताना पाणी ओतून वर दोन चमचे खोबरेल सोडा, ते पाणी उडू देत नाही. मातीच्या मडक्यात अर्धं भरेल इतकाच कळीचा चुना कपाटात ठेवला तर ओल ओढतो. काठोकाठ भरू नका, ओल घेऊन तो फुगतो. आणि पावसात महिन्यातून एकदा कुणी दारं-खिडक्या उघडून हवा दिली तर याहून मोठं काही नाही. शेजारच्या काकींना किल्ली देऊन ठेवा आणि त्यांचा मान राखा.

पैसे कसे वाटायचे?

माझ्या मते शंभरातले ४५ रुपये छप्पर, पाणी आणि वीज. ३० भिंती, जमीन आणि ओटा. १५ टेबल, मांडणी, दिवे. १० हात लावायचे नाहीत, कारण जुनी भिंत फोडली की आत काय निघेल सांगता येत नाही.

दर विचारण्याआधी माप काढा. १२ बाय १० ची खोली आणि ९ फूट उंची असेल तर चारी भिंती ३९६ चौरस फूट. एक ७ बाय ३ चं दार आणि एक ४ बाय ३ ची खिडकी वजा केली की ३६३ उरतात. रंगाऱ्याने साडेचारशे सांगितले तर शांतपणे हा कागद पुढे करा.

हिशेबात हमखास राहून जाते ती वाहतूक. रस्त्यापासून घर पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) खाली असेल तर वाळू, चिरे, ग्रॅनाइट सगळं डोक्यावरून येतं आणि त्याची मजुरी वेगळी. कधी कधी ती मालाच्या किमतीच्या जवळ जाते. माल कुठला घ्यायचा हे ठरवताना तो दारात किती वजनाने येणार हेही धरा. बांबू, चुना आणि घरचं जुनं लाकूड इथेच जिंकतात.

घर सामायिक आहे. चुलत्यांची संमती नाही. काय करता येईल?

भिंत, ओटा, छप्पर यांना हात लावण्याआधी सगळ्या हिस्सेदारांशी बोला, आणि ठरलेलं कागदावर लिहून सह्या घ्या, निदान खर्च कुणी केला एवढं तरी. पडवी वाढवायची असेल तर ग्रामपंचायतीत विचारा, किनाऱ्यालगत असाल तर सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे) निर्बंधही बघा. संमती मिळेपर्यंत हलवता येतील अशाच गोष्टी करा. टेबल, बाकडं, बांबूची मांडणी, दिवे. उरलेल्या आंब्याच्या लाकडी पेट्या घासून, बेलतेल देऊन एकावर एक रचल्या तर बरण्यांची सुरेख मांडणी होते, फक्त ती कोरड्या भिंतीला ठेवा. चुन्याचा हात आणि काचेची दोन कौलं यांना सहसा कुणाचा विरोध नसतो. खर्च तुम्ही करा आणि गणपतीत सगळे एकत्र आले की पुढच्या कामाचा विषय काढा.